न चाखलेल्या पिझ्झ्यांवरची सही

माझ्या सहीने बाजारात गेलेले पिझ्झे एकावर एक रचले, तर ढीग आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या गच्चीपर्यंत सहज जाईल. त्यातले निम्मे मी चाखलेलेच नाहीत. ही कबुली मी आजवर बायकोलाही दिलेली नाही, तेव्हा हा अंक तिच्या हाती पडण्याआधी संपादकांनी मला एक फोन करावा, म्हणजे मी दोन दिवस बहिणीकडे जाऊन राहीन.

संपादकबाईंनी मागितला होता तो खरं तर हलकाफुलका लेख. जगातले तऱ्हेतऱ्हेचे पिझ्झे, थोडे किस्से, थोडी माहिती. किस्से भरपूर आहेत. पण लिहायला बसलो की प्रत्येक किस्सा फिरून एकाच बाईपाशी जाऊन थांबतो. म्हणून माहिती आधी उरकतो.

मी फूड टेक्नॉलॉजिस्ट. पुण्याजवळच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात मैदा आणि वनस्पती तुपाच्या संगतीत पंधरा वर्षं काढली आणि दोन हजार पाचच्या सुमारास, पंचेचाळिशी गाठता गाठता, हॉलंडमधल्या आर्नहेमच्या बाहेर असलेल्या एका फ्रोझन पिझ्झाच्या कारखान्यात लागलो. तिकडे जाणारे आपले बहुतेक लोक आयटीतले. मंडळाच्या गणपतीत ओळखी व्हायच्या तेव्हा एकजण सांगे, बँकेचं सॉफ्टवेअर. दुसरा सांगे, विम्याचं सॉफ्टवेअर. मी सांगे, पिझ्झा. ‘म्हणजे पिझ्झा कंपनीचं सॉफ्टवेअर?’ ‘नाही, पिझ्झा.’ मग समोरचा माझ्या बायकोकडे, मेधाकडे, सहानुभूतीने बघे.

मुलाखत फोनवर झाली होती. कारखान्याचा मॅनेजर रूलोफ, उंच आणि हाडकुळा, हे नंतर कळलं. आवाज मात्र गुबगुबीत होता. त्याने विचारलं, तुम्ही अमुक एक गोष्ट खात नाही, असं काही आहे का? मी म्हटलं, तसं काही नाही, सगळं खातो. त्या वेळी चातुर्मास चालू होता आणि मी कांदा-लसूणसुद्धा सोडलेला होता.

कंपनी तेव्हा नवीन मालिका काढत होती. खोक्यावर विमानाचं चित्र, आत एकेका देशाचा पिझ्झा. तोवर पिझ्झा म्हणजे एक पदार्थ, अशी माझी समजूत. तो पदार्थ नसून खानदान आहे आणि त्यातले लोक एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे मला तिथे कळलं. नेपल्सचा पिझ्झा कडेला भाकरीसारखा फुगतो, त्यावर काळे डाग पडतात, आणि मधे इतका मऊ की उचलला की मान टाकतो. तो गोठवून पुन्हा भाजला की ओल्या टॉवेलसारखा लागतो; ही अडचण सोडवण्यातच माझं पहिलं वर्ष गेलं. रोमचा पातळ, दाताखाली कडकन मोडणारा. शिकागोचा खोल पत्र्याच्या भांड्यात भाजतात, चीज खाली आणि टोमॅटो वर. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुणीतरी उलटा भरलाय म्हणून तक्रार नोंदवली. तुर्की पिझ्झ्यावर चीजच नाही, पातळ रोटीवर खिम्याचा थर. हॉलंडच्या गावागावांत तो सॅलड आणि लसणीचा सॉस घालून गुंडाळून देतात. ब्राझीलचे लोक पिझ्झ्यावर मटार आणि उकडलेलं अंडं घालतात. स्वीडनचे केळं आणि करी पावडर. भारतीय म्हणून त्या करी पावडरीबद्दल माझं मत मागितलं गेलं, आणि भारतीय म्हणून मी ते देण्याचं टाळलं. अर्जेंटिनाचा जाडजूड, चीज ओघळणारा, आणि त्यावर ते बेसनाचं जाड धिरडं ठेवून दोन्ही एकत्र खातात. ते पाहून मला इतकं भरून आलं की मी तीन तुकडे खाल्ले आणि त्या दिवशीची चाचणी रद्द करावी लागली, कारण नमुना संपला.

भारताचा पिझ्झा अर्थातच माझ्याकडे सोपवला. मी पनीर, सिमला मिरची आणि वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी असा बेत केला. चव अशी जमली होती की मी रात्रीच पुरस्काराचं भाषण तयार केलं. पण फोडणी गोठली, भट्टीत दुसऱ्यांदा भाजली गेली, आणि कढीपत्त्याची पानं काळी होऊन, मुडपून, पाय आखडून घेतल्यासारखी पडली. मोहरी त्यांच्या अवतीभवती. चाखणाऱ्या आठ डच लोकांपैकी सात जणांनी हातच लावला नाही. आठव्याने खाल्लं आणि कागदावर सभ्यपणे लिहिलं, ‘चव चांगली आहे, किडे काढावेत.’

आता चाखण्याबद्दल. नवीन पदार्थ ठरवताना छोट्या कप्प्यांत लोक बसवतात, लाल दिवा लावतात, म्हणजे रंगावरून कुणी मत बनवू नये. हे सगळ्यांना रंजक वाटतं. पण रोजचं खरं काम त्याहून साधं. दर घाण्यातला एक पिझ्झा मागच्या छोट्या स्वयंपाकघरात भाजायचा. दोन माणसांनी टेबलाशी समोरासमोर बसून चाखायचा. मीठ, आंबटपणा, वास, कुरकुरीतपणा, असं एकेक लिहायचं आणि दोघांनी सही करायची. दोन सह्या झाल्याशिवाय माल गाडीत चढत नाही. गिळायचं नसेल तर थुंकायला कागदी पेला असतो. थुंकायची सोय होती हो; माझी अडचण तोंडात घालण्याची होती.

माझ्यासमोर बसणाऱ्या त्या हानेके. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, पांढरे आखूड केस, सायकलवरून नदीपलीकडच्या गावातून यायच्या. सगळे त्यांना नुसतं हानेके म्हणत, मीही म्हणे, पण मराठीत लिहिताना हात धजत नाही, म्हणून हानेकेबाई. त्या कारखान्यात खोकी भरायला लागल्या होत्या आणि नाकाच्या जोरावर या टेबलापर्यंत पोचल्या होत्या. एकदा पिठाची गाडी दारात उभी राहिली, तर बाई आतून म्हणाल्या, या गाडीतून याआधी कांदे नेलेत. चालकाने मान्य केलं. तीसेक वर्षं त्या टेबलाशी बसलेल्या. याच खुर्चीवरून निवृत्त व्हायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्याला तेव्हा जेमतेम अडीच वर्षं उरली होती. नवरा गेलेला, मूल नाही. ‘घरी मी फक्त झोपते’, असं त्या सांगत.

पहिल्याच आठवड्यात सलामीचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या चकत्यांचा, पिझ्झा आला. मी मोठ्या सफाईने तुकडा उचलला, तोंडापाशी नेला आणि पांढऱ्या कोटाच्या खिशात सोडला. हातचलाखी उत्तम झाली. फक्त सलामीला तेल सुटतं, हे मला कुठे माहीत. खिशावर नारिंगी डाग पसरत चालला आणि बाई शांतपणे तो बघत राहिल्या.

‘तुझ्या खिशाला भूक लागली आहे का?’

मी सगळं सांगितलं. मुलाखतीत काय बोललो तेही. त्या हसल्या, डोळे पुसले, आणि मग डच माणसं करतात तसा दोन मिनिटांत व्यवहार ठरवला. चीज, टोमॅटो, मसाले, कणीक माझ्याकडे. मांस आणि मासे त्यांच्याकडे. त्या सांगतील, मी लिहीन. मी भाज्यांचं सांगेन, तेव्हा त्या माझ्या जिभेवर विश्वास ठेवतील. रूलोफला कळायचं कारण नाही.

तसं वर्षभर उत्तम चाललं. हॅमचा धूर जिभेच्या मागच्या बाजूला लागतो, खारवलेला मासा आधी मीठ देतो आणि मग गोडसर होतो, असं त्या मला सांगत आणि मी असं काही लिहीत असे की रूलोफने एकदा माझं वर्णन मोठ्याने वाचून दाखवलं. घरी मेधाला मी सांगितलं होतं की माझं काम कणकेपुरतं आहे. सोवळं आणि नोकरी दोन्ही सांभाळणारा मी आमच्या घराण्यातला पहिलाच, असा मला गर्व झाला होता.

दुसऱ्या हिवाळ्यात बाईंना फ्ल्यू झाला. दोन आठवडे त्या आल्या नाहीत. परतल्या त्या जरा शांत होऊन. आधी त्या पहिल्यांदा बोलायच्या. आता मला विचारू लागल्या, तुला काय वाटतं? मला वाटलं, आपली बढती झाली. मी चावत असताना त्या माझ्याकडे टक लावून बघायच्या. मी घरी जाऊन आरशात दाढी तपासली. मांस-माशांचं त्यांचं वर्णन तेच ते होऊ लागलं होतं. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याचा अर्थ असा लावला की माल एकसारखा निघतोय, कारखाना सुधारला. चाखणारा म्हणून माझी पात्रता यावरून लक्षात यावी.

मग नेपल्सच्या पिझ्झ्याचा तो घाणा आला. त्यावर अँकोव्ही, म्हणजे तेलातले खारवलेले बारके मासे असतात. पिझ्झा भट्टीतून काढला आणि माझ्या नाकात असा वास शिरला की डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकी उघडली. माशांच्या दिवशी मी ती नेहमीच उघडायचो, त्यामुळे त्यात काही विशेष नव्हतं. माशाचा वास असाच घाण येतो, अशी माझी जन्मापासूनची समजूत. लोक ते आवडीने खातात तर आपण नाक मुरडू नये, उगाच त्यांच्या अन्नाचा अपमान होतो, असा सभ्य विचारही मनात आला. बाईंनी तुकडा चावला. मीठ पुढे, नंतर गोडसर, नेहमीसारखं, असं म्हणाल्या. मी लिहिलं. दोघांनी सह्या केल्या.

तीन दिवसांत दुकानांमधून माल परत यायला लागला. माशांचं तेल खवट झालं होतं. आजारी कुणी पडलं नाही, पण खोकं उघडणाऱ्या प्रत्येकाला ते कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त आम्हा दोघांना, आणि आमचा पगारच ते कळण्यासाठी होता.

रूलोफने दोघांना एकाच वेळी बोलावलं. समोर आमचे कागद. शब्दाला शब्द सारखे. तो रागावलेला नव्हता, आणि तेच जास्त भीतीचं होतं. माझा तिथला परवाना या नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली की परवाना जाणार, परवाना गेला की घर आवरून परत. माझी मुलगी इरा तेव्हा दहा वर्षांची. वर्षभर शाळेत मुकी बसून राहिल्यावर नुकतीच डचमध्ये भांडायला लागली होती. हे सगळं मी आज सविस्तर सांगतोय. त्या खोलीत ते एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

रूलोफने मला विचारलं, ‘तू हा पिझ्झा खाल्ला होतास?’

‘खाल्ला होता’, मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला बोलायची हौस. ‘मला जरा शंका आली होती. पण हानेकेचा अनुभव मोठा, म्हणून तिचं मत मी लिहिलं.’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही खाल्लं नव्हतं, हे जगात त्या एकट्यांना माहीत होतं. त्यांनी एक वाक्य उच्चारलं असतं तर मी पुढच्या महिन्यात कोथरूडला असतो. त्यांनी टेबलावरचा आपला कागद उचलला, वाचला आणि पुन्हा खाली ठेवला.

रूलोफने आम्हा दोघांना कंपनीच्या डॉक्टरांकडे वासाच्या तपासणीला पाठवलं. पेनासारख्या कांड्या असतात, टोपण काढून नाकाखाली धरतात आणि तुम्ही ओळखायचं. लवंग, संत्रं, पुदिना मी पटापट ओळखले. मग एक कांडी आली, ती माशाची. तीही ओळखली, आणि खात्री करायला पुन्हा नाकाखाली धरली. कारण मासा असा असतो तर त्या दिवशीचा वास माशाचा नव्हताच. तो खवट तेलाचा होता. खवट तेल मी बिस्किटांच्या कारखान्यात पंधरा वर्षं दारातून ओळखत आलो होतो. माझ्या नाकाने त्या सकाळी आपलं काम चोख केलं होतं. मीच त्याला गप्प बसवून खिडकी उघडली होती.

बाईंना एकही कांडी ओळखता आली नाही. फ्ल्यूनंतर त्यांना वास यायचा बंद झाला होता, तो परत सुरू झालाच नाही.

मला ‘पुढच्या वेळी शंका आली तर बोल’ अशी समज मिळाली. बाईंना लेबलांच्या गोदामात बसायला सांगितलं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्या दोन आठवडे तिथे गेल्या, मग स्वतःहून नोकरी सोडली. निरोपाला कँटीनमध्ये कॉफी आणि सफरचंदाचा केक होता. प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे होते. माझी पाळी आली. खरं काय ते सांगायची तीच वेळ होती, समोर रूलोफ, समोर त्या. मी किड्यांचा किस्सा सांगितला. सगळे पोट धरून हसले. बाईसुद्धा हसल्या. टाळ्या मिळाल्या. आयुष्यात मी शेकडो वेळा लोकांना हसवलं असेन, पण त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

त्यांच्याकडे जायला मला चार महिने लागले. फोन केला तर त्यांनी डायरी बघून दोन आठवड्यांनंतरची गुरुवारची अडीचची वेळ दिली, जसं काही झालंच नव्हतं. छोटं विटांचं घर, मागे अंगण, सगळं लख्ख. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. गॅसच्या शेगडीच्या जागी नवी विजेची शेगडी होती. गॅस सुटला तर आपल्याला कळायचा नाही, म्हणून बसवून घेतली, असं त्यांनी सांगितलं. मी येताना ट्युलिप आणले होते. त्यांनी ते सवयीने नाकापाशी नेले आणि मग फुलदाणीत ठेवले.

मी पाठ करून आलो होतो ते म्हणायला सुरुवात केली. मी खोटं बोललो, मला इराची शाळा दिसत होती, परवाना दिसत होता. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं.

‘मी बोलले असते तर दोघंही गेलो असतो’, त्या म्हणाल्या. ‘माझं तर जाणारच होतं. एकजण राहिलेला बरा. तुला मूल आहे.’

मी आभार मानू लागलो, तर त्यांनी हात वर केला.

‘पण तू मला आधी विचारायला हवं होतंस. आपण दोघं रूलोफच्या दाराबाहेर दहा मिनिटं बसून होतो. विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं.’

विचारण्याची गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. त्या दहा मिनिटांत मी त्यांना पुण्यातल्या रिक्षावाल्यांचे किस्से सांगत होतो.

मग मी विचारलं, नाक गेल्यावर इतके दिवस निभावलं कसं? पनीरचे, चीजचे, टोमॅटोचे पिझ्झे तर बाई अचूक सांगत होत्या. आंबूस झालेलं चीज त्यांनी दोनदा अडवलं होतं.

‘तुझ्या तोंडाकडे बघून’, त्या म्हणाल्या. ‘तुझं तोंड फार बोलतं. चीज आंबलं असलं की तुझी डावी भुवई हलते. मीठ जास्त झालं की तू गिळायच्या आधी थांबतोस. मी ते बघून लिहायचे. मांस आणि मासे तू खातच नव्हतास, तेव्हा बघायला काही नसायचं. तिथे मी जुनंच लिहायचे आणि देवाचं नाव घ्यायचे.’

म्हणजे माशांच्या दिवशी त्या टेबलाशी दोन माणसं बसत, त्यातला एक दुसरीच्या जिभेवर विसंबलेला, दुसरी पहिल्याच्या तोंडावर, आणि चाखणारं कुणीच नाही. मी त्यांच्याकडून वर्षभर उसनं घेत राहिलो आणि त्यांना माझ्याकडून काही घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडावर काही नव्हतं. त्यांनी मला सांगितलं असतं तर? मी माझं गुपित पहिल्या आठवड्यात त्यांच्यापुढे टाकलं होतं. त्यांनी त्यांचं का नाही सांगितलं, हे मी विचारलं नाही. मी रूलोफच्या खोलीत काय बोललो, त्यावरून त्याचं उत्तर मिळालेलंच होतं.

त्यांनी कॉफी केली. दुधाची बाटली फ्रीजमधून काढली, माझ्या कपात सढळ हाताने ओतलं, मी दूध जास्त घेतो हे त्यांच्या लक्षात होतं. स्वतः त्या बिनदुधाची कॉफी पितात. पहिल्या घोटातच मला कळलं. दूध फाटलेलं नव्हतं, पण नासायच्या बेतात होतं. आणखी एक दिवस आणि कॉफीत गुठळ्या दिसल्या असत्या. एकटं राहणाऱ्या माणसाकडे पाहुण्यासाठी आणलेली बाटली राहते, तसं झालं असणार. कदाचित मी येणार म्हणून आठवडाभर आधीच आणून ठेवलं असेल.

‘दूध ठीक आहे ना?’ त्यांनी विचारलं. ‘मला आता कळत नाही.’

दुसऱ्याच्या घरी पानात पडलेल्याला नाव ठेवायचं नाही, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की तोंड आपोआप उघडतं.

‘छान आहे’, मी म्हणालो आणि दुसरा घोट घेतला.

बाई टेबलापलीकडून माझ्याकडे बघत होत्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग उठल्या, माझ्या हातातून कप काढून घेतला आणि कॉफी बेसिनमध्ये ओतून दिली.